तिसऱ्या कडव्याआधीची खुर्ची

लांजेवार काकांकडे गाणं ऐकायला जायचं तर चपला दाराबाहेर काढाव्या लागत, हे ठीक. पण मनगटावरचं घड्याळही काढून बाहेरच्या खिडकीत ठेवावं लागे. त्याची टिकटिक गाण्यात मिसळते असं त्यांचं म्हणणं. खिशातल्या किल्ल्या रुमालात गुंडाळायच्या. सर्दी झाली असेल तर त्या रविवारी यायचंच नाही. आणि पंखा बंद. भिलाईचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना पंखा बंद म्हणजे काय ते सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून कळणार नाही.

"रेकॉर्डिंगच्या टायमाले पंखा बंदच होता," काका म्हणत. "त्या लोकायनं घाम गाळला, तुमी आयतं ऐकून राहिले. मंग थोडा तुमीबी गाळा."

दिगांबर लांजेवार मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईचा पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा आले आणि सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये स्थिरावले. मी वर्ध्याहून येऊन प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरी क्लार्क म्हणून लागलो आणि त्यांच्या समोरचं क्वार्टर मला मिळालं, तेव्हा काका पन्नाशीला टेकले होते. मूलबाळ नव्हतं. घरात ते, शांताकाकू, आणि भिंतीला लागून लाकडी रॅकमध्ये उभ्या लावलेल्या तबकड्या. आमच्या ओळीतले लोक एकमेकांकडे सत्यनारायणाला जात, हळदीकुंकवाला जात. लांजेवारांकडे मात्र जायचं ते रविवारी सकाळी दहाला, कान धुऊन.

पहिल्या रविवारी मी माझी रसिकता दाखवायला गेलो. एक जुनं गाणं लागलं होतं. पहिलं कडवं संपताच मी मान डोलावून म्हणालो, "वा, काय आवाज आहे बाईंचा."

काकांनी सुई उचलली. कोपऱ्यात घोषबाबू नावाचे एक बंगाली गृहस्थ बसले होते, प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागातले. नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आवाज तर साऱ्या दुनियेनं ऐकला," काका म्हणाले. "त्याच्या मागं खोकला आहे, तो ऐकला का?"

"खोकला?"

"सारंगीवाल्याचा. दाबलेला. दहादा पहिल्यापासून वाजवून झालं असन. एकच माइक, त्याच्यापुढं सारे. कोणी चुकला का पुन्हा पहिल्यापासून. त्याले माहीत आहे, खोकललो तर बाकीचे शिव्या देतीन. बिचाऱ्यानं तोंडावर हात धरला. आता ऐक. अन् वा म्हणू नको. हे कानाचं काम आहे बाप्पा, तोंडाचं नाही."

सुई पुन्हा टेकली. तीन वेळा ऐकल्यावर चौथ्यांदा तो खोकला मला सापडला. बाईंनी सूर लांबवलेला आणि त्याच्याखाली कुणीतरी गिळून टाकलेला एक खाकरा. तेव्हापासून माझं एक नुकसान झालं. ते गाणं रेडिओवर, लग्नाच्या मांडवात, पानाच्या ठेल्यावर कुठेही लागलं तरी मला खोकलाच ऐकू येतो. एक चांगलं विरहगीत कायमचं हातचं गेलं.

काकांचं सगळं ऐकणं असं होतं. गाणं त्यांच्या लेखी एक बंद खोली होती आणि तिच्यात कोण कोण होतं ते त्यांना हवं असे. या गाण्यात बाईंनी हातातल्या बांगड्या काढायला नकार दिलेला आहे. त्या गाण्यात बासरीवाला श्वास घ्यायला विसरलाय, म्हणून शेवटी सूर थोडा खाली आला. अमक्या द्वंद्वगीतात बुवा उंच आणि बाई ठेंगण्या, त्यामुळे बाईंच्या पायाखाली पाट आहे, आणि दुसऱ्या कडव्यात तो पाट सरकलाय. हे सगळं ते पैजेवर सांगत. गीतकार कोण, संगीत कुणाचं, यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांची नावं तबकडीवर छापलेली असतात, म्हणत. ज्याचं नाव छापलं नाही त्याच्याकडे कुणी लक्ष द्यायचं?

प्लेअर रशियन होता. प्लांट उभारायला आलेल्या रशियन इंजिनिअरांपैकी एकजण काकांच्या विभागात होता. तो मायदेशी निघाला तेव्हा हे धूड सोबत नेणं त्याला जमेना, आणि त्याच्या बायकोला काकूंच्या लिंबाच्या लोणच्याची चटक लागलेली. दोन बरण्या तिकडे गेल्या, प्लेअर इकडे आला. बटणांवर रशियन अक्षरं. काकांनी ती कुणाकडून वाचून घेतली नाहीत. "तिसरं बटन दाबाचं नाही," एवढंच ते सांगत. का ते त्यांनाही माहीत नव्हतं, रशियनाने जाताना बोट हलवून नाही म्हटलं होतं म्हणून.

घोषबाबूंचा पक्ष वेगळा. ते स्टिरिओवाले. काकांच्या जुन्या तबकड्यांमध्ये सगळा आवाज एकाच वाटेने यायचा, त्याला मोनो म्हणत. घोषबाबूंनी दोन स्पीकरांचा नवा सेट घेतला होता, त्यातून डावीकडून एक वाद्य यायचं आणि उजवीकडून दुसरं. घोषबाबू हे सांगताना दोन्ही हात पसरून मध्ये स्वतः उभे राहायचे.

"लांजेबार दादा, एक बार बीच में बैठके सुनिए. इधर से भायोलिन, उधर से तबला. लगता है हम ही स्टुडियो में बैठा है."

"स्टुडिओत मी बसलो आहे घोषबाबू, तुमी मले नका सांगू," काका म्हणत. "लग्नात जेवाले बसल्यावर वरण एका घरी अन् भात दुसऱ्या घरी वाढते का कोणी? गाणं एका ताटात पाहिजे."

हा वाद मी दहा वर्षं ऐकला. शब्दसुद्धा बदलले नाहीत. दोघांपैकी एक बाहेरगावी गेला की दुसऱ्याचा रविवार वाया जायचा.

पण 'स्टुडिओत मी बसलो आहे' हे वाक्य काकांच्या तोंडी नुसतं नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते एक तबकडी काढत. लाखेची, जुनी, जड. महिन्यातून एकदाच, कारण सुई दरवेळी तिला थोडी खाते. गाणं तुम्हाला माहीत असेल, म्हणून सांगत नाही. एक बाई, एक बुवा, तीन कडवी. दुसरं कडवं संपतं, वाद्यं थांबतात, आणि तिसरं सुरू होण्याआधी क्षणभर काहीच नसतं. त्या क्षणी काका उजव्या हाताचं बोट वर करत. आणि तेव्हा एक आवाज यायचा. 'कुर्र' म्हणावं इतका बारीक. लाकडी खुर्चीचा.

"हा मी," काका म्हणत.

त्याची हकिगत त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नोकरी अजून नागपुरात होती. काकूंचे थोरले भाऊ मुंबईत एका स्टुडिओत सुतार होते. माइकखालचे चौथरे, गायकांच्या पायाखालचे पाट तेच ठोकायचे. हे दोघं त्यांच्याकडे गेले असताना भावाने एका दुपारी दोघांना मागच्या दाराने आत नेलं आणि कोपऱ्यात, ढोलकवाल्याच्या मागे, श्वास कोंडून राहायला सांगितलं. पंखे बंद, दारं बंद. अकरा वेळा गाणं पहिल्यापासून झालं. बाराव्यांदा सगळं जुळून आलं आणि तिसऱ्या कडव्याआधी खुर्ची वाजली. काचेमागच्या साहेबाने बाहेर येऊन विचारलं, कोण हललं? काका म्हणाले, मी. साहेबाने पुन्हा ऐकून पाहिलं. बाईंचा गळा दमला होता, वादकांची वेळ संपत आली होती. राहू द्या, कुणाला ऐकू जाणार नाही, असं म्हणून त्याने तेच ठेवलं.

"साऱ्या हिंदुस्थानानं ऐकलं मले," काका म्हणत. "फक्त कोणाले माहीत नाही."

आम्ही पाठीमागे हसायचो. खुर्ची यांचीच कशावरून? ढोलकवाल्याची नसेल कशावरून? आता त्या हसण्याची लाज वाटते.

काकांची ड्यूटी ब्लोइंग स्टेशनला होती. भट्टीला हवा फुंकणारी अजस्र यंत्रं जिथे चालतात ती इमारत. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, नाहीतर एकमेकांचे ओठ वाचावे लागतात. पंचवीस वर्षं काका तिथे आठ आठ तास उभे होते आणि रविवारी आम्हाला घड्याळ काढायला लावत होते. कान जातील ही एकच धास्ती त्यांना होती, आणि ती ते लपवतही नसत. कापसाचे बोळे, मेणाचे बोळे, ऊन पाण्यात बुडवलेला कापूस, सगळं करून झालं होतं.

"ज्याचे कान गेले त्याच्या घरी गाणं ऐकाले कोण येईन?" असं ते एकदा मला म्हणाले होते.

ब्लोइंग स्टेशनच्या लोकांची कानाची तपासणी व्हायची. एका बंद खोलीत बसवून कानावर इअरफोन चढवतात, आत बारीक शिट्टी वाजते, ऐकू आली की बोट वर करायचं. शेवटच्या तीन तपासण्यांमध्ये काका पहिल्या नंबराने पास झाले. त्यांचे बरोबरीचे लोक एकेक करून गोदामात, गेटवर, शांत जागी बदलून जात होते. काका मात्र जागेवर. मी अभिनंदन केलं तेव्हा ते डोळे मिचकावून म्हणाले, "शिट्टी वाजवणारा पोट्टा तालात पक्का आहे. दोन शिट्ट्या, तीन मात्रा खाली, मंग एक. एकदा ध्यानात आलं का माणूस झोपेत पास होते." मी हसलो. गंमत करताहेत असं मला वाटलं.

मग ती स्टिरिओची लाट आली. जुनी गाणी नव्याने करून कॅसेटवर यायला लागली. जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर पुसायची, आवाज डावी-उजवीकडे वाटायचा, मधल्या मोकळ्या जागांत नवा ढोल, नवी घुंगरं भरायची. घोषबाबू हरखून गेले. काका म्हणाले, "बुढ्याले कलप लावून पुन्हा नवरदेव केला." आम्ही हसलो, ते मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन मला म्हणाले, "प्रभाकर, एक अर्ज टाइप करून दे."

अर्ज मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीला होता. आमची सगळी माणसं प्लांटची. त्यांना जगातल्या कुठल्याही दुःखावर अर्ज हाच इलाज माहीत. वर डाव्या हाताला नाव, पर्सनल नंबर, विभाग. मग विषय : अमुक गाण्यातील तिसऱ्या कडव्यापूर्वीचा खुर्चीचा आवाज कायम ठेवण्याबाबत. रेकॉर्ड कंपनीला यांच्या पर्सनल नंबरशी काय करायचं, असं मी विचारलं. "असू दे," काका म्हणाले, "माणूस खरा आहे हे त्याईले समजलं पाहिजे." इंग्रजीत मी खुर्चीच्या आवाजाला 'नॉइज' लिहिलं तर त्यांनी कागद परत केला. "नॉइज मी रोज आठ तास खातो. हा नॉइज नाही." मी दुसरा शब्द घातला. खाली त्यांनी सही केली, तारीख टाकली आणि विभागप्रमुखाची शिफारस लागेल का म्हणून विचारलं. लागणार नाही असं मी सांगितलं.

उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी काकांनी स्मरणपत्र पाठवलं. त्याचंही आलं नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी घोषबाबू हातात नवी कॅसेट घेऊन आले. गाणं तेच.

कॅसेट रायपूरहून आणली होती. घोषबाबूंनी आपला सेट सायकलरिक्षात घालून आणला, दोन स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले, वायरी जोडल्या. काकांनी घड्याळं बाहेर ठेवायला लावली, पंखा बंद केला आणि आपल्या नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसले. काकू दारातच सूप घेऊन गहू निवडत होत्या. त्या नेहमी तिथेच बसत. गाण्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

गाणं सुरू झालं. खरं सांगायचं तर छान वाटत होतं. बाई डावीकडून, बुवा उजवीकडून. आजवर दडलेली व्हायोलिनं वर आली होती. घोषबाबू बसल्या जागी किंचित फुलले होते. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. वाद्यं थांबली.

काकांनी नेहमीपेक्षा किंचित उशिरा बोट वर केलं. "हा मी," ते म्हणाले.

काहीही वाजलं नव्हतं. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी घुंगरांची एक लड भरली होती, स्वच्छ, डावीकडून उजवीकडे पळत गेलेली. खुर्ची नव्हती. घोषबाबूंनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघत होतो. त्यांचं बोट तसंच वर होतं आणि चेहऱ्यावर नेहमीचं समाधान. शिट्टीवाल्याच्या तालाची गंमत मला तेव्हा उमगली. या माणसाला ऐकूच येत नव्हतं. किती दिवसांपासून, देव जाणे. आम्ही दर रविवारी घाम गाळत एका बहिऱ्या माणसासमोर बसत होतो आणि तो आम्हाला ऐकायला शिकवत होता.

घोषबाबूंनी बोलायला तोंड उघडलं. एवढ्यात दारातून काकू म्हणाल्या, "वाजली. ऐकली मी, वाजली." मोठ्याने, काकांकडे तोंड करून.

काकांनी मान हलवली. घोषबाबूंनी तोंड मिटलं. तिसरं कडवं सुरू झालं होतं.

गाणं संपल्यावर मी कपबशा ठेवायच्या निमित्ताने आत गेलो. काकूंनी सूप भिंतीला टेकवलं होतं आणि चुलीपाशी उगाच उभ्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं.

"यायले सांगजो नको," त्या म्हणाल्या. "घोषबाबूलेबी सांग, बोलू नका म्हणा."

"नाही सांगत. पण काकू, त्यांना मुळीच ऐकू येत नाही?"

"डाव्यानं तर कवाचंच नाही. उजव्यानं कुकरची शिटी येते थोडी." त्यांनी पदराला हात पुसले. "अन् खुर्चीवर हे नव्हतेच. एकच खुर्ची होती तिथं, माया भावानं ठोकलेली. ते मले देल्ली होती, हे तर मागं उभे होते."

"मग काका म्हणतात, मी..."

"साहेबानं विचारलं, कोण हाललं. तवा हे म्हणाले मी. मले कोणी बोलू नये म्हणून. तवापासून 'मीच' म्हणून राहिले." कपबशा त्यांनी माझ्या हातातून घेतल्या. "मले सातवा महिना होता. पंखा नाही, उकाडा, अन् किती वेळची मी हालली नव्हती. मंग पोटात पोरानं लात मारली. जोरात मारली, मी दचकली अन् खुर्ची वाजली. ते पोरगं पुढं राहिलं नाही. रडलंबी नाही. त्याचा आवाज म्हणून तेवढाच."

एवढं सांगून त्यांनी नळ सोडला आणि कपबशा धुवायला घेतल्या. मी बाहेर येऊन घोषबाबूंना वायरी गुंडाळायला मदत केली.

रस्त्यात मी त्यांना एवढंच म्हणालो की या कॅसेटचा विषय काकांपुढे काढू नका. बाकीचं सांगणं माझं नव्हतं. घोषबाबू हुशार माणूस. त्यांनी काही विचारलं नाही. रिक्षाबरोबर चालत चालत जरा वेळाने म्हणाले, "हम ही लाया ये चीज."

पुढचा रविवार महिन्याचा शेवटचा होता. घोषबाबू आले, घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, आणि बसायच्या आधीच काकांसमोर उभे राहून, ओठ नीट दिसतील अशा बेताने म्हणाले, "दादा, आप सही था. स्टिरिओ में बो बात नहीं है. हम हार गया." मग दुसऱ्या पाळीची ड्यूटी आहे, असं सांगून चहासुद्धा न घेता निघून गेले.

काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. दहा वर्षांचा वाद जिंकलेला माणूस इतका उदास झालेला मी पाहिला नव्हता. मला हाताने खूण करून त्यांनी व्हरांड्यात नेलं, तिथल्या खुर्चीत बसले आणि आपल्या मते हळू आवाजात बोलायला लागले. तो शेजारच्या क्वार्टरपर्यंत जात असावा.

"घोष हारला म्हणजे लफडं आहे. त्या कॅसेटमधी खुर्ची नव्हती ना?"

मी मान खाली घातली. मग त्यांना दिसावं म्हणून हलवली.

"मले तवाच समजलं."

"कसं?" मी ओठांनी विचारलं.

"तुही काकू बोलली ना." ते खुर्चीचा हात चाचपत होते. "माये कान जाऊन चार वर्सं झाले प्रभाकर. शेवटच्या रविवारी मी तबकडी लावतो अन् तिच्याकडं पाहत बसतो. ती गहू निवडते, तांदूळ निवडते. खुर्ची वाजली का तिचा हात थांबते. दोन श्वास. मंग चालू. बोलत काहीच नाही. एवढ्या वर्सात कवाच बोलली नाही. तिचा हात थांबला का मी बोट वर करतो. माहा तर हिशेबच तो आहे. त्या दिवशी हात थांबलाच नाही. मी वाट पाहिली, मोजलं, आता तर होऊन गेलं असन म्हणून बोट वर केलं. तं ती एकदम वाजली म्हणाली. मले समजलं, पुसून टाकली त्यायनं."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?" हे त्यांना ओठांवरून कळायला दोनदा म्हणावं लागलं.

"कावून बोलू? ते मायासाठी खोटं बोलली. जलमात पहिल्यांदा बोलली असन. अन् तिचं तर गेलं त्याच्यातून, माहं काय गेलं?" डोळे भरून आले होते ते त्यांनी लपवले नाहीत. "तिले सांगजो नको."

नाही सांगणार, म्हणालो. त्या घरात दोन माणसं होती आणि दोघांनी मला एकच गोष्ट एकमेकांपासून लपवायला सांगितली होती. माझ्या हातून तेवढं एक काम नीट झालं.

ते उठले. आत जाऊन पंखा बंद केला, रॅकमधून ती जड तबकडी काढली, मलमलच्या फडक्याने पुसली आणि प्लेअरवर ठेवली. सुई टेकवली. खरखर सुरू झाली, एकाच बाजूने, एकाच वाटेने. काका आपल्या जागी, दाराकडे तोंड करून बसले. दारात काकू सूप घेऊन बसल्या होत्या.

इतकी वर्षं मी त्या खोलीत प्लेअरकडे बघत बसलो होतो. त्या दिवशी मी काकूंकडे बघितलं. बाई गात होत्या, बुवा गात होते, काकूंची बोटं गव्हातून खडे वेचत होती. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. वाद्यं थांबली.

काकूंचा हात सुपात थांबला. काकांचं बोट वर गेलं. मी मोजले, दोन श्वास. मग गहू पुन्हा हलायला लागले आणि तिसरं कडवं सुरू झालं.